वासाची साक्ष

साक्ष संपवून मी न्यायालयाच्या पायऱ्या उतरले तेव्हा अण्णा आवारातल्या कडुनिंबाखाली उभे होते. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली होती आणि तिची शिवण ते बोटांनी चाचपत होते. मी जवळ जाताच त्यांनी विचारले, "बाई, मंग वास खोटा व्हता का?" त्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. वडिलांच्या काळापासून बांधावर उभे असलेले चंदनाचे झाड एका रात्रीत गेलेल्या त्या माणसाला खरोखरच जाणून घ्यायचे होते, की आत बाकावर बसून त्याने जे ऐकले त्याचा अर्थ काय. "नाही अण्णा, वास खरा होता," एवढेच मी म्हणू शकले. मग तसे आत का सांगितले नाही, हे त्यांनी विचारले नाही. टोपी घातली, मला हात जोडले आणि एस.टी. स्टँडच्या दिशेने ते चालू लागले. तो न विचारलेला प्रश्न सोबत घेऊन मी अंबाजोगाईला परतले आणि आजही तो माझ्यापाशीच आहे.

प्रकरण सुरू झाले ते त्याच्या चार वर्षे आधी, आषाढातल्या एका ओल्या सकाळी. मी तेव्हा महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. माझा एक जुना विद्यार्थी वनपाल झाला होता. तो अंगावरचा रेनकोटही न काढता प्रयोगशाळेच्या दारात आला आणि त्याने दुधाच्या पिशवीसारखी एक पातळ पिशवी टेबलावर ठेवली. केजच्या बाजूला रात्री नाक्यावर एक गाडी अडवली होती, पोत्यांत लाकडाचे एकेचाळीस तुकडे मिळाले होते आणि एक मुलगा सापडला होता, बाकीचे अंधारात पळाले होते. "मॅडम, चंदनच आहे ना, एवढं लिहून द्या, दुपारी कोर्टात हजर करायचं आहे." पिशवीत दोन तुकडे होते. मी एक उचलला. साल आणि पांढरे लाकूड तासून टाकून फक्त पिवळसर तपकिरी गाभा ठेवलेला होता. एका टोकाला करंगळी बसेल एवढी अर्धगोल खाच होती आणि तिच्यात वाळलेली माती घट्ट बसली होती. ती मी नखाने खरवडून काढली, खाच पदराने पुसली आणि तुकडा नाकाशी नेला. पाच सेकंदही लागले नाहीत. महाविद्यालयाच्या कागदावर मी लिहून दिले की सदर लाकूड चंदनाचे आहे. खाली सही केली, शिक्का मारला आणि तासाला निघून गेले.

एवढी खात्री कुठून आली होती, हे सांगायचे तर मला आजीच्या देवघरात जावे लागेल. आमच्या घरी काळ्या दगडाची सहाण होती, मधोमध झिजून तिला बशीसारखा खळगा पडला होता. पहाटे आजी त्यावर पाण्याचे चार थेंब टाकून खोड फिरवायची, आणि त्या घासण्याच्या आवाजाने मला जाग यायची. आधी ओल्या दगडाचा वास येई, मग किंचित आंबूस, दुधाळ असे काहीतरी, आणि त्यानंतर कुठे चंदन. उगाळलेल्या गंधाचे बोट ती माझ्या कपाळाला लावी तेव्हा झोपेतले अंग शहारून जाई. पैठणच्या नाथांच्या वाड्यातली श्रीखंड्याची गोष्ट मी त्याच देवघरात ऐकली. प्रत्यक्ष देव गड्याचे रूप घेऊन बारा वर्षे नाथांघरी राबला, कावडीने रांजण भरले आणि पूजेसाठी गंध उगाळले. श्रीखंड म्हणजे चंदन, हे आजीने सांगितले तेव्हा सणाच्या ताटातल्या श्रीखंडाचे काय, या विचारात मी कितीतरी वेळ पडले होते. या मुलखात वाढलेल्या माणसाला चंदन ओळखायला पुस्तक लागत नाही, असे मी मानत होते. वनस्पतिशास्त्रातली पदव्युत्तर पदवी घेऊनही मानत होते, हे अधिक गंभीर.

चंदनाचे झाड दिसायला अगदी साधे असते. बालाघाटच्या माळावर, धारूरच्या घाटाच्या उतारांवर, बांधावरच्या करंज-कडुनिंबांच्या गर्दीत ते सहज नजरेतून सुटते. पाने समोरासमोर, फुले बारीक आणि मातकट लाल, फळ पिकले की जांभळट काळे. ती फळे पक्षी खातात आणि बी कुठल्या तरी कुंपणात टाकून जातात. झाड अर्धपरजीवी आहे: स्वतःच्या पानांत अन्न तयार करते, पण पाणी आणि क्षार यांच्यासाठी त्याची मुळे शेजारच्या झाडाच्या मुळांना जाऊन चिकटतात. म्हणूनच आता मराठवाड्यात चंदनाची लागवड करणारे शेतकरी रोपाच्या कडेला तूर लावतात. जिवंत झाडाला वास नसतो. सालीला नाही, पानाला नाही, बाहेरच्या पांढऱ्या लाकडालाही नाही. वास गाभ्यात आणि मुळांत, आणि तो गाभा धरायला दहा-पंधरा वर्षे जावी लागतात. चोरालाही हे नीट ठाऊक असते. तो आधी एकदा येऊन बुंध्याला गिरमिटाने भोक पाडतो, निघालेला भुसा तळहातावर घेऊन रंग आणि वास पाहतो. गाभा नसेल तर झाड वाचते. असेल तर तो आठ-पंधरा दिवसांनी करवत घेऊन येतो, कारण कुऱ्हाडीचा आवाज रात्री लांबवर जातो.

उलटतपासणी वीस मिनिटे चालली असेल. बचाव पक्षाचे वकील तरुण होते, आवाज मृदू होता आणि त्यांनी तयारी केलेली होती. एकेचाळीसपैकी किती तुकडे तुम्ही पाहिले, मॅडम? दोन. ते कोणी निवडले? ठाऊक नाही. पिशवीवर लाखेचे सील होते का? नव्हते. उरलेले एकोणचाळीस तुकडे त्याच जातीचे आहेत, असे तुम्ही शपथेवर सांगू शकता का? नाही. लाकडाचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला का? नाही. मग कशावरून ओळखले? वासावरून. त्यानंतर क्षणभर थांबून त्यांनी विचारले, "दुसरे एखादे लाकूड चंदनाबरोबर एका पोत्यात काही दिवस राहिले, किंवा त्याला चंदनाचे तेल चोपडले, तर त्याला तसा वास येऊ शकतो का?" सरकारी वकिलांनी माझ्याकडे पाहिले. बाकावर अण्णा पुढे झुकून ऐकत होते. वर्गात हा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला असता तर मी त्याला शाबासकी दिली असती. मी म्हणाले, "हो, येऊ शकतो."

त्यानंतर विचारण्यासारखे काही उरले नव्हते.

त्या रात्री मला राग आला तो वकिलांचा नव्हता. त्यांनी विचारलेली एकेक गोष्ट मी स्वतः तीस वर्षे शिकवत आले होते. घरी आजीच्या खोडाचा शेवटचा तुकडा होता. दुसऱ्या दिवशी मी त्याचा एक कोपरा बराच वेळ पाण्यात उकळून मऊ केला आणि नव्या पात्याने त्याचे काप घेऊ लागले. पहिले सात-आठ फाटले. चंदनाचे लाकूड इतके घट्ट आणि बारीक पोताचे असते की पाते त्यावरून घसरते. शेवटी एक काप कांद्याच्या पापुद्र्यासारखा निघाला. तो सॅफ्रॅनिनमध्ये रंगवून मी काचपट्टीवर ठेवला. आडव्या छेदात पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची तोंडे दिसू लागली. नुसत्या डोळ्यांना न दिसणारी, अगदी बारीक, जवळपास प्रत्येक एकेकटी, साऱ्या पृष्ठभागावर विखुरलेली, जशी पहिल्या पावसाच्या भुरभुरीने धुळीत उमटलेली टिंबे. किरण, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या पेशींचे पट्टे, एक-दोन पेशींच्या रुंदीचे, नाजूक. सागाच्या छेदात मोठ्या वाहिन्यांची वर्तुळे डोळ्यांत भरतात, इथे तसे काही नाही. आफ्रिकेतले एक लाकूड चंदनाच्या नावाने विकले जाते आणि 2013 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधन आहे. त्याच्यासारखी नातलग लाकडे चंदनापासून वेगळी काढायची तर आडवा, अरीय (केंद्रातून जाणारा उभा) आणि स्पर्शरेषीय (वलयांना स्पर्शून जाणारा उभा) असे तिन्ही छेद घेऊन ओळख असलेल्या नमुन्याशी ताडून पाहावे लागतात. त्या कामासाठी बंगळुरूची लाकूड विज्ञान संस्था आहे, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत जगभरच्या लाकडांचा संग्रह आहे. तेलाचे पृथक्करण करून सांगता येते की त्यात सॅन्टॅलॉल, म्हणजे चंदनाला त्याचा वास देणारे द्रव्य, किती आहे. अस्सल चंदन तेलाचे आंतरराष्ट्रीय मानक अल्फा सॅन्टॅलॉल 41 ते 55 टक्के आणि बीटा 16 ते 24 टक्के मानते. रक्तचंदनाला तर वास नसतोच, त्याची कपची स्पिरिटमध्ये टाकली की द्राव लालभडक होतो. हे सारे मला माहीत होते. माहीत असणे आणि त्या आषाढातल्या सकाळी ते करणे, यांच्यात एका तासाचे अंतर होते आणि मला पुढचा तास घ्यायला जायचे होते.

आपल्याकडे पोलीस ठाण्यात आणि न्यायालयात 'सी.ए. रिपोर्ट' हा शब्द रोज ऐकू येतो. रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. तो आला नाही म्हणून तारीख, तो आला म्हणून युक्तिवाद. तेलंगणातून नांदेडकडे येणाऱ्या वाटेवर गांजा पकडला तर तिथे मात्र सगळ्यांना ठाऊक असते की नाकाने भागत नाही. वजन, दंडाधिकाऱ्यांसमोर नमुना, सील, आणि मग प्रयोगशाळेत रंगाची चाचणी व सूक्ष्मदर्शकाखाली पानावरचे ते वाकड्या नखीसारखे केस, ज्यांच्या बुडाशी चुन्याचा खडा असतो. अमली पदार्थांच्या कायद्यात वीस किलोपेक्षा जास्त गांजाला दहा वर्षांपासून पुढची शिक्षा आहे, म्हणून तपासही तितका काटेकोर होतो. चोरीच्या साध्या कलमाला तीन वर्षांपर्यंत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले, ही मोठी गोष्ट झाली, पण बांधावरचे झाड त्या रेषेच्या अलीकडेच राहते. आणखी एक बारकावा मला साक्षीनंतरच कळला. सरकारी वैज्ञानिक तज्ज्ञांची एक यादी कायद्यात आहे आणि त्यांचा अहवाल ते स्वतः न येताही पुराव्यात वाचता येतो. महाविद्यालयातली प्राध्यापिका त्या यादीत नसते. तिचे मत हे केवळ मत, आणि ते कशावर उभे आहे हे तिला पिंजऱ्यात उभे राहूनच दाखवावे लागते. मला हे योग्यच वाटते.

पण लाकूड चंदनाचे आहे, हे सिद्ध झाले असते तरी अण्णांचे समाधान झाले नसते. त्यांचा प्रश्न दुसरा होता. ते लाकूड माझ्या बांधावरचे आहे का? जात ओळखणे आणि ते नेमके झाड ओळखणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. यातल्या दुसऱ्या विद्येबद्दल वाचताना मला आर्थर कोलर भेटले. 1932 साली अमेरिकेत प्रसिद्ध वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांचे लहान मूल पळवले गेले, घराजवळ घरगुती बनावटीची शिडी सापडली. कोलर हे विस्कॉन्सिनमधल्या सरकारी लाकूड प्रयोगशाळेतले तज्ज्ञ. शिडीच्या एका फळीवर रंधायंत्राच्या पात्यांनी उमटवलेल्या बारीक ओळी मोजत ते दक्षिण कॅरोलायनातल्या गिरणीपर्यंत पोहोचले आणि तिथून न्यूयॉर्कमधल्या वखारीपर्यंत. शिडीची दुसरी एक फळी आरोपीच्या माळ्यावरच्या तक्तपोशीतून कापलेली आहे, हे त्यांनी वाढीची वलये आणि खिळ्यांची भोके जुळवून दाखवले. 1935 च्या खटल्यात बचाव पक्षाचा आक्षेप होता की लाकडाचा तज्ज्ञ अशी काही चीजच नसते. न्यायाधीशांनी साक्ष ऐकून घेतली. त्या खटल्याविषयी आजही वाद होतात, पण मला त्यातली वाट मोलाची वाटते: फळीवरच्या ओळी, त्यांतले अंतर, त्यावरून यंत्र, यंत्रावरून गिरणी. एकही पायरी न गाळता. आणि 2021 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातला एक खटला. राष्ट्रीय वनातून मेपलची झाडे चोरून वाद्यांच्या लाकडासाठी विकली गेली होती. विकलेल्या लाकडाचा डीएनए जंगलात उरलेल्या खुंटांशी जुळला आणि झाडाचा डीएनए तिथल्या केंद्रीय फौजदारी खटल्यात पहिल्यांदाच पुरावा म्हणून मांडला गेला. खुंट तिथे राहिले होते आणि कोणीतरी त्यांचे नमुने घ्यायला गेले होते, म्हणून हे घडू शकले.

दोन महिन्यांनी विद्यार्थ्याचा फोन आला. आरोपी निर्दोष, संशयाचा फायदा. दोन्ही पंच फितूर झाले होते, माझ्या मताला आधार नव्हता. फोन ठेवल्यावर मला जे वाटले ते एकजिनसी नव्हते. पिंजऱ्याजवळ उभा असलेला तो मुलगा मला आठवला. वीस-बावीस वर्षांचा, पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारे, तोही कोयता घेऊन जात होता असे विद्यार्थ्याने सांगितले. पोती वाहायला त्याला एका रात्रीचे पैसे कबूल झाले होते. ज्याने गिरमिट चालवले तो, ज्याने गाडी दिली तो, जिथे हा गाभा पोहोचतो आणि तेल होऊन बाहेर पडतो तिथला, यांतले कोणीच त्या दालनात आले नव्हते. पोत्याखालचा खांदा तेवढा सापडला होता. तो सुटला याचे मला दुःख झाले नाही. पण तो सुटला तो माझ्या निष्काळजीपणामुळे, आणि त्याच निष्काळजीपणामुळे अण्णांचे झाड कागदोपत्री कुणीच न कापलेले झाड होऊन बसले. लक्षपूर्वक केलेले काम असते तर कदाचित त्या मुलाच्या मागे उभ्या असलेल्यांपर्यंतही एखादा धागा गेला असता, हे मनातून जात नाही.

मग एका रविवारी मी अण्णांच्या शेतावर गेले. कापूस वेचून झाला होता, काळी जमीन भेगाळली होती. बांधावर कडुनिंब होता आणि त्याच्या शेजारी गोणपाटाचा एक ढीग, वर चार दगड. अण्णांनी दगड बाजूला केले आणि गोणपाट उचलले. खाली खुंट होता. "त्या वक्ताला गार्ड म्हनला व्हता, बुंधा हलवू नका, सायब मोजायला येतील. म्हनून झाकून ठिवला." चार वर्षांत कोणी आले नव्हते. दर पावसाळ्याआधी ते गोणपाट बदलत होते. चोरांना मुळे खणायला वेळ मिळाला नव्हता, वस्तीवरची कुत्री भुंकली होती. वाळवीने बाहेरचे पांढरे लाकूड पार पोखरून मातीचे केले होते, पण आतल्या गाभ्याला तिने तोंड लावले नव्हते. तो तेवढा ताटलीएवढा गोल, करवतीच्या दातांच्या तिरप्या रेघांसकट, तसाच होता. कडेच्या मुळावरून कोवळे फुटवे वर आले होते.

मी वाकून भिंगातून वलये पाहू लागले आणि तेवढ्यात अण्णा म्हणाले, "आठ दिस आधी मला कळलं व्हतं बाई. गुडघ्याएवढ्या उंचीवर भोक पाडलेलं दिसलं. मला वाटलं, बुजवलं तर त्यांना पुन्हा घावायचं नाही. शेणमाती कालवली आन् ठासून भरली." त्यांनी बोट ठेवले. खुंटाच्या कडेला, करवत जिथून गेली होती त्याच पातळीवर, करंगळी बसेल एवढी अर्धगोल खाच होती. भोकाचा खालचा अर्धा भाग. वरचा अर्धा भाग करवतीच्या वर, कापून नेलेल्या ओंडक्यात गेला होता.

माझा हात भिंगासकट तिथेच थांबला.

नखाखाली शिरलेली ती वाळकी, तांबूस काळी माती मला आठवली, तिच्यात गवताची एक बारीक काडी होती हेही आठवले. आजीच्या देवघरातला वास नीट यावा म्हणून मी ती खरवडली होती, पुसली होती आणि पदर झटकला होता. खाचेला खाच, मातीला माती, करवतीच्या रेघेला रेघ लावून पाहायची होती, आणि त्यासाठी कुठल्याही यंत्राची गरज नव्हती. तो तुकडा हातात असताना अण्णांना कोणी, मी किंवा दुसऱ्या कोणी, एक प्रश्न विचारायला हवा होता. निकालानंतर मुद्देमालाची विल्हेवाट लागली होती.

मी अण्णांना सांगितले. सगळे सांगितले, काडीसकट. ते खुंटाकडे पाहत राहिले. "तुमाला काय ठावं व्हतं," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मीबी कुनाला बोललो न्हाई. कुनी इचारलंच न्हाई."

मी खुंटाची एक चकती मागितली. "खटल्याला आता उपयोग व्हायचा न्हाई," ते म्हणाले, आणि मी म्हणाले, "नाही." त्यांनी वस्तीवरून दोन मुठींची करवत आणली. एका बाजूला ते बसले, एका बाजूला मी. गाभ्याला दात लागले तसा आवाज बदलला आणि वास वर आला. फुटव्यांना धक्का लागू नये म्हणून आम्ही सावकाश कापत होतो. चकती सुटली तेव्हा खाच शाबूत होती. मी वरच्या बाजूला उत्तर दिशेची खूण केली, खाचेत राहिलेली माती जशीच्या तशी ठेवून तिच्यावर कागद बांधला आणि चिठ्ठीवर गट नंबर, बांधाची बाजू, तारीख आणि झाड कुणाचे ते लिहिले. खाली पडलेला भुसा अण्णांनी चिमटी-चिमटीने वेचला, रुमालात घेतला आणि त्याला गाठ मारली.